ओट्यातला पर्वत

घर दाखवताना सर आम्हाला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेले. हॉल नाही, बेडरूम नाही, पाणी किती वाजता येतं ते नाही. ओट्यासमोर उभं केलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "कुकर कुठे उतरवता?"

त्या महिन्यात ठाकुर्लीत आम्ही पाच-सहा घरमालक बघितलेले. प्रत्येकाने आडनाव विचारलेलं, गाव विचारलेलं, मासे खाता का विचारलेलं. कुकरचं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, जागा असेल तिथे उतरवते, हातात धरून थोडीच बसणार? नवऱ्याने मागून माझा दंड दाबला. सर मात्र खूश झाले. म्हणाले, बाई खरं बोलतात. मग पिशवीतून एक लाकडी पाट काढून त्यांनी ओट्यावर ठेवला आणि सांगितलं की कुकर यावर उतरायचा, गरम भांडं थेट दगडावर नाही, बाकी घरात काय वाट्टेल ते करा. खाली आलो तेव्हा काकू, म्हणजे सरांची बायको, चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "ओटा दाखवून झाला असेल तर आता यांना संडास-बाथरूमही दाखवा," म्हणाल्या.

सर ठाण्याच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून रिटायर झालेले. हे दुसऱ्या मजल्यावरचं घर त्यांचंच. काकूंचे गुडघे गेल्यावर ते दोघं तळमजल्यावर राहायला गेले आणि वरचं आम्हाला दिलं. सर आता नाहीत, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते आहे. असते तर त्यांनी हे वाचून निदान चार ठिकाणी दुरुस्ती सांगितली असती, आणि ती बरोबरही असती.

घरमालक महिन्यातून एकदा येतो अशी आपली समजूत. आमचे आठवड्यातून दोनदा यायचे. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग, हातात न्हाव्याकडे असते तसली फवाऱ्याची बाटली. दारातूनच म्हणायचे, तुमच्या पोळ्या चालू द्या, मला फक्त खिडकीकडचा कोपरा बघायचाय. मग तो कोपरा ओला करायचा, कारण दगड ओला झाल्याशिवाय बोलत नाही असं त्यांचं म्हणणं. त्यावर नाक टेकेपर्यंत वाकायचं आणि भिंगातून बघत राहायचं. माझं पीठ आणि त्यांचं पाणी मिळून ओट्यावर दर वेळी खळ तयार. सुरुवातीला मी अवघडायचे, पदर-ओढणी सांभाळायचे. महिन्याभरात त्यांना कोपराने बाजूला सारून चिमटा उचलायला लागले.

ओटा दिसायला चांगला होता, त्यात वाद नाही. पांढरट राखाडी, आणि मधेमधे डाळिंबाचे दाणे सांडावेत तसे लालसर ठिपके. बाजारात त्याला काश्मीर व्हाइट ग्रॅनाइट म्हणतात. हे नाव माझ्या तोंडून निघालं आणि सरांनी चष्मा काढला. म्हणाले, तीन शब्द आहेत आणि तिन्ही खोटे. हा काश्मीरचा नाही, तमिळनाडूचा आहे. पांढरा नाही, नीट बघा. आणि ग्रॅनाइट तर मुळीच नाही, नाईस आहे. मी म्हटलं, नाईस तर आहेच. त्यावर ते इतके हसले की खाली जाऊन काकूंना सांगून आले. नाईस हे त्या जातीच्या दगडाचंच नाव आहे हे मला नंतर कळलं.

मानपाडा रोडला मार्बलची दुकानं आहेत ना ओळीने, तिथे सर सगळ्यांना ठाऊक होते. नवीन लग्न झालेली जोडपी ओट्यासाठी लादी बघायला यायची आणि सर मधेच त्यांना सांगायचे की तुम्ही हात लावताय ते एका डोंगराचं बूड आहे. गिऱ्हाईक घाबरायचं. एका दुकानदाराने उपाय काढला. सर दिसले की तो लांब, गोडाऊनच्या बाजूला खुर्ची टाकून चहा मागवायचा. सरांना वाटायचं, काय मान देतो माणूस.

ते डोंगराचं बूड म्हणजे काय ते त्यांनी मला माझ्याच कणकेवर शिकवलं. पोळ्यांसाठी मळलेले दोन गोळे माझ्या परातीतून न विचारता उचलले, ओट्यावर समोरासमोर ठेवले आणि दोन्ही तळव्यांनी एकमेकांवर रेटले. मधे कणीक वर आली. म्हणाले, जमिनीचे असे मोठमोठे तुकडे आहेत, ते सरकतात, एकमेकांवर आदळतात, आणि मधे हा पर्वत उभा राहतो. वर आलेला सगळे बघतात. पण जेवढा वर गेलाय त्याहून जास्त खाली दाबला गेलाय, ते कोणी बघत नाही. तिथे खोल ताप असतो आणि दाब असतो. त्यात दगड वितळला तर संपलंच, सगळं विसरला. हा वितळला नाही. न वितळता आतून बदलला, म्हणून त्याला आठवतं. किती खोल गेला होता, किती तापला होता, कोणत्या बाजूने दाबलं, सगळं त्याच्या अंगावर आहे, वाचता आलं पाहिजे. मग वरचा पर्वत झिजून झिजून गेला, तेव्हा हा उघड्यावर आला. भारत, आफ्रिका, मादागास्कर हे सगळे एकत्र येत होते तेव्हाचं हे प्रकरण, पन्नास-पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीचं. हिमालय म्हणजे त्याच्यापुढे कालचं पोर.

माझ्या सासूबाई लसूण सोलत ऐकत होत्या. म्हणाल्या, ताप आणि दाब तर आम्हालाही आहे, आम्हाला कोणी भिंग लावत नाही. सर म्हणाले, वहिनी, आपल्या इकडे उलटंच आहे. पारसिकपासून मलंगगडापर्यंत नुसता काळा कातळ. लाव्हा आला, थंड झाला, बसला. इथल्या दगडाला कोणी दाबलेलं नाही, दाबलंय ते माणसांनाच.

त्या लाल ठिपक्यांना गार्नेट म्हणतात. सरांचा सगळा जीव त्यांच्यात. पूर्वी या घरात राहत होते तेव्हा कॉलेजची पोरं इथे आणायचे, कारण दूर सहली काढायला कॉलेज तयार नसायचं आणि पर्वत तर घरातच होता. काकू सांगायच्या की दहा-दहा पोरं चपला काढून ओट्याभोवती उभी, आणि मला आमटीला फोडणी घालायला जागा नाही. प्रत्येक बॅचला सर तेच शिकवायचे, आणि नंतर मलाही तेच शिकवलं. गार्नेट नंतरचा. आधी सगळी रेटारेटी झाली, दगड पिळून निघाला, आणि ते शांत झाल्यावर मग हे दाणे निवांत वाढले. बघा कसे गोल आहेत. कुणाचा धक्का लागलेला नाही. काकू म्हणायच्या, निवांत वाढलेत म्हणजे यांच्या घरातले नसणार.

सासूबाईंना त्यात रस वाटावा म्हणून सर एकदा बोलून गेले की तुमच्या अंगठीत असतो तो गोमेद याच घराण्यातला. झालं. गोमेद म्हणजे राहूचा खडा. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई गॅस पेटवायच्या आधी ओट्याला हात लावून तो कपाळाला लावायला लागल्या. माझ्या माहेरी साताऱ्याकडे असलं काही नाही, पण कोकणातल्या माणसाला एकदा काही पटलं की पटलं. सरांना हे माहीतच नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. मला मजा वाटायची.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कल्याणला झालं त्या दिवशी मी डबा घेऊन गेलेले. लॉबीत गर्दी, वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावतोय, आणि मधोमध सर पालथे पडलेले. जवळ जाऊन बघते तर भिंग डोळ्याला आणि नाक फरशीला. फरशी हिरव्या दगडाची होती. मला बघून म्हणाले, हा समुद्राचा तळ आहे, बाई. दोन खंड जवळ आले, मधला समुद्र मिटला आणि तळाचा एवढा तुकडा चिमटीत सापडला. बोलताना लक्ष मात्र ऑपरेशनच्या दाराकडे होतं त्यांचं. नंतर काकू शुद्धीवर आल्यावर म्हणाल्या, मी आत आडवी, हे बाहेर आडवे, मुलीने पुण्याहून येऊन बघायचं कुणाकडे?

पुढच्या वर्षी नवऱ्याची मानपाड्याची कंपनी बंद पडली. चाळिशीतल्या माणसाला नवीन नोकरी कोण देतो? तो दिवसभर खुर्चीत बसून मोबाईल बघायचा, आणि सासूबाई हळूच गावच्या घराच्या कौलांची गोष्ट काढायच्या. गावी म्हणजे देवरुखच्या पुढे. आमची मुलगी नववीत. मी तोपर्यंत आजूबाजूच्या तीन-चार घरांना पोळ्या देत होते, दोन बर्नरच्या शेगडीवर. अशात डोंबिवलीतल्या एका मुलींच्या हॉस्टेलकडून विचारणा आली. दोन्ही वेळच्या पोळ्या, रोज. ही ऑर्डर मिळाली तर आम्ही ठाकुर्लीत राहणार होतो, नाहीतर बोचकी बांधायची होती. इतकं ते सरळ होतं.

पण एवढ्या पोळ्या शेगडीवर होत नाहीत. त्याला लांब तव्याची भट्टी लागते. ती जमिनीवर उभी राहते आणि तिला खिडकी लागते, नाहीतर माणूस आत गुदमरतो. घरात तशी जागा एकच होती. खिडकीकडचा दोन फूट ओटा कापायचा आणि तिथे भट्टी बसवायची. हॉस्टेलच्या मॅडम सोमवारी येऊन स्वयंपाकघर बघणार होत्या. भट्टी दिसली तरच ऑर्डर.

मी खाली जाऊन सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि नाही म्हणाले. मी म्हटलं, पूर्ण ओटा नको, फक्त दोन फूट. ते म्हणाले, नेमके तेच दोन फूट. सगळ्यात मोठे गार्नेट तिथेच आहेत. काकू भडकल्या. पोटाचा प्रश्न आहे तिच्या आणि तुम्ही दगडाचं काय घेऊन बसलात, म्हणाल्या. सर मान खाली घालून म्हणाले की मी यांना दुसरं घर शोधून देतो, सामानसुद्धा मी स्वतः उचलतो, पण ओटा नाही. तेव्हा पंचाहत्तरीला आलेला माणूस, सामान काय उचलणार?

मी वर आले. काय राग आलेला म्हणून सांगू. पाट भिरकावला आणि शिट्टी झालेला कुकर मुद्दाम धाडकन त्या कोपऱ्यावर उतरवला. ओट्याला काही झालं नाही. पर्वतच तो.

सासूबाई मात्र समाधानात होत्या. त्यांना ओटा कापणं मुळातच मान्य नव्हतं. राहूच्या दगडाला लोखंड लावलं तर उरलीसुरली वाट लागेल असं त्या दोन दिवस माझ्या नवऱ्याच्या कानात सांगत होत्या. सरांनी नकार दिलाय कळल्यावर त्या नारळाच्या वड्या घेऊन खाली गेल्या आणि त्यांना म्हणाल्या की सर, बरं केलंत, तुम्ही जाणते आहात, असल्या दगडाला धक्का लावू नये हे तुम्हालाच कळणार.

दहा मिनिटांत सर वर. बाटली नाही, भिंग नाही. त्यांच्या मागोमाग जिना चढून सासूबाई. सर ओट्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, याचा राहूशी काही संबंध नाही. हा साधा दगड आहे."

"साधा आहे तर मग तुम्ही का कापू देत नाही?" सासूबाईंनी विचारलं. भांडायला नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून.

सर सांगायला लागले. पर्वत, मूळ, ताप, दाब. सासूबाई मान डोलवत होत्या. "तेच म्हणते मी. एवढा मोठा पर्वत आपल्या घरी येऊन बसलाय, म्हणजे देवच की. मी हात लावून पाया पडते, तुम्ही वाकून नाक टेकता. एकच झालं."

सर थांबले. मला वाटलं आता चिडणार. ते स्टुलावर बसले आणि हाताचा तळवा ओट्यावर ठेवला. सासूबाईंनी त्यांना पाणी आणून दिलं, तेही त्यांनी नुसतं हातात धरलं. मला त्यांची दया आली, आणि रागही गेला नव्हता, दोन्ही एकदम. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "जन्मभर पोरांना हातोडा द्यायचो आणि सांगायचो, फोडल्याशिवाय दगड कळत नाही. आणि घरात मी देऊळ बांधून बसलो. बाई, कापणाऱ्याला बोलवा."

मार्बल कापणारा रविवारी मशीन घेऊन आला. त्याने ओटा बघून मान हलवली. म्हणाला, बसलेला माल आहे, मशीनच्या थरथरीने आत कुठे बारीक तडा असेल तिथून अख्खा जाईल, माझी गॅरंटी नाही. अख्खा गेला असता तर सोमवारी मॅडमना दाखवायला नुसत्या विटा उरल्या असत्या. मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने छताकडे.

सरांनी बाटली मागवली. सगळा कोपरा ओला केला आणि कोणी पुसायचं नाही म्हणून सांगितलं. पाणी वाळू लागलं. बाकी दगड कोरडा झाला तरी एके ठिकाणी केसाएवढी ओली रेघ राहिली. तडा असला की पाणी आत धरून ठेवतो, ते शेवटी वाळतं, असं त्यांनी कापणाऱ्याला दाखवलं. त्यानेही बोट फिरवून बघितलं आणि हो म्हणाला. मी मागितलेल्या दोन फुटांची हद्द बरोबर त्या रेघेवर येत होती. सरांनी खडू घेतला आणि रेघ टाळून खूण केली. मला वाटलं अलीकडे करतील, आपला दगड वाचवतील. त्यांनी पलीकडे केली. मला चार बोटं जागा जास्तच मिळाली.

मशीन सुरू झालं. पाणी, आवाज, पांढरा चिखल भिंतीभर. काकू खालून हाका मारत होत्या, कोणाला ऐकू येत नव्हतं. सर दाराच्या चौकटीला धरून उभे होते, डोळे मिटून. शेवटी तुकडा सुटला, नवऱ्याने आणि कापणाऱ्याने तो धरून खाली ठेवला. ओटा शाबूत होता. मी तिथेच चिखलात मटकन बसले आणि रडले, लाज न बाळगता.

सरांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते जमिनीवर आडवे झाले होते, खाली ठेवलेल्या तुकड्याच्या कापलेल्या कडेसमोर. इतकी वर्षं त्यांनी ओटा वरूनच बघितला होता. तीन कडा भिंतीत, आणि समोरच्या कडेला मिस्त्रीने काळी पट्टी चिकटवलेली. दगडाची बाजू त्यांना कधी दिसलीच नव्हती. मी एकदा विचारलेलं की दुकानात दुसऱ्या लाद्यांच्या कडा दिसतात की, त्या बघा. तेव्हा म्हणाले होते, आपल्या माणसाची नाडी शेजाऱ्याच्या हातावर बघून चालत नाही.

त्यांनी मला बोलावून भिंग दिलं. मीही आडवी झाले. कडेवर आडव्या बारीक रेघा होत्या, राखाडी आणि पांढऱ्या, वहीच्या पानासारख्या सरळ. पण लाल दाणा आला की रेघा वाकत होत्या. त्याला वळसा घालून पलीकडे जाऊन पुन्हा सरळ होत होत्या. प्रत्येक दाण्यापाशी तसंच.

"काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दाणा मधे आहे आणि सगळं त्याच्या बाजूने वाकलंय.

"म्हणजे दाबायला लागले तेव्हा तो तिथे होता," सर म्हणाले. "नंतर आलेला नाही. सगळी रेटारेटी त्याने अंगावर घेतलीय." मग उठून बसले, चष्मा पुसला. चेहरा असा झालेला की मला कळेना, हा माणूस दुःखात आहे की आनंदात. "आणि मी प्रत्येक बॅचला उलटं शिकवलं."

सोमवारी मॅडम आल्या, भट्टी बघितली, एक पोळी मोडून खाल्ली आणि उद्यापासून सुरू करा म्हणाल्या. मंगळवारी पहाटे मी भट्टी पेटवली. नवरा लाटायला बसला. आयुष्यात पहिल्यांदा पोळपाट धरलेला, पण गोल लाटत होता. सासूबाई तूप लावत होत्या. उजाडल्यावर सर आले, कापलेल्या तुकड्याशेजारी स्टूल घेतलं आणि खिशातून मोबाईल काढला. मी म्हटलं, सर, आज मला वेळ नाही हं. ते म्हणाले, तुमच्याकडे कामच नाही माझं.

ते विद्यार्थ्यांना फोन लावत होते. एक तेलाच्या कंपनीत, एक बँकेत, एक विठ्ठलवाडीला क्लास चालवतो, एक परदेशात, तो तर झोपेतून उठला असणार. दगडाशी संबंध उरलेला त्यातला एखाद-दुसराच. प्रत्येकाला तेच, मोठ्या आवाजात, कारण भट्टीचा आवाज होता: अरे, मी सर बोलतोय, तो माझ्या ओट्यावरचा गार्नेट आठवतो का, तो नंतरचा नाही, आधीचा आहे, मी चुकीचं शिकवलं, दुरुस्त करून घे. पलीकडचे हसत असतील, गोंधळत असतील. सर एकेकाला समजेपर्यंत सोडत नव्हते. खाली रिक्षा येऊन उभी होती, पहिले डबे भरत आले होते, आणि मी तव्यावरून पोळी उचलता उचलता ऐकत होते.

एकाने विचारलं असावं, इतक्या वर्षांनी तुम्हाला कसं कळलं म्हणून.

"मला कुठलं कळतंय," सर म्हणाले. "आमच्या वरच्या बाईंनी ओटा कापला. मी तर कापू देत नव्हतो."